इपॉक्सी ठिसूळ का असतं, आणि थोडंसं रबर घातलं की ते चिवट कसं होतं

अराल्डाइटच्या दोन ट्यूब, पाइपाची गळती बंद करायला लावतात ते एम-सील, कारखान्याच्या फ्लोअरवर ओततात ते चकचकीत कोटिंग, कॉम्प्युटरमधला सर्किट बोर्ड, पवनचक्कीचं पातं, नव्या विमानांचे पंख, ह्या सगळ्यात मूळ माल एकच, इपॉक्सी रेझिन. आणि ह्या मालाची एक मोठी खोड आहे जी वापरणाऱ्याला सहसा कळतच नाही, कारण ती कुणीतरी आधीच सांभाळून घेतलेली असते: नुसतं इपॉक्सी ठिसूळ असतं. भार भरपूर घेतं, उष्णता सोसतं, केमिकलला दाद देत नाही, पण एकदा का त्यात बारीकसा तडा गेला की तो तडा थांबायचं नाव घेत नाही. ह्यावर उपाय म्हणून त्यात थोडंसं रबर किंवा दुसरं एखादं पॉलिमर घालतात. एवढं वाक्य बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं आणि ते वाचून वाटतं की रबर मऊ, म्हणून धक्का रबर खातं, विषय संपला. प्रत्यक्षात तसं होत नाही. बहुतेक सगळं काम इपॉक्सी स्वतःच करतं, रबर फक्त त्याला ते करू देतं, आणि मला ह्या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी मूळ मालाबद्दल थोडक्यात. बायसफेनॉल-ए आणि एपिक्लोरोहायड्रिन ह्यांच्या रिॲक्शनमधून एक घट्ट चिकट द्रव मिळतो, त्याच्या रेणूच्या दोन्ही टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन असा एकेक त्रिकोण असतो. त्या त्रिकोणातले बॉण्ड अवघडून बसलेले असतात, उघडायला टपलेले, त्यामुळे अमाइन जातीचं हार्डनर समोर आलं की ते उघडतात आणि अमाइनला जाऊन जोडले जातात. अमाइनच्या रेणूवर असे चार जोड घ्यायची जागा असेल तर प्रत्येक रेणू चार बाजूंना हात पसरतो, आणि असं जोडत जोडत शेवटी भांड्यातला सगळा माल म्हणजे एकच अवाढव्य रेणू होतो, तिन्ही दिशांना विणलेलं जाळं. म्हणून ते परत वितळत नाही. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान आणि अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली ह्यांनी ह्यावर वेगवेगळं काम केलं, १९४६ मध्ये सीबा कंपनीनं अराल्डाइट ह्या नावानं ते बाजारात आणलं, आणि आपल्याकडे हा ब्रँड २०२० पासून पिडिलाइटकडे आहे.

आता आकडे बघू. साधं क्युअर झालेलं, म्हणजे हार्डनर घालून जाळं पूर्ण विणलं गेलेलं इपॉक्सी ताणलं तर साधारण ६० ते ८० मेगापास्कलपर्यंत टिकतं, प्लास्टिकच्या जगात हा उत्तम आकडा आहे. पण त्यात आधीच एक तडा असेल तर तो पुढे सरकवायला किती ऊर्जा लागते हा प्रश्नच वेगळा, आणि त्याचं उत्तर येतं एका चौरस मीटरला १०० ते ३०० जूल. पॉलिकार्बोनेटसाठी हाच आकडा हजारांत जातो, विमानात वापरतात त्या ॲल्युमिनियमसाठी दहा हजारांच्या आसपास किंवा त्याच्याही वर. म्हणजे ताकदीत इपॉक्सी पहिल्या रांगेत आणि तडा अडवण्यात पार मागे. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे इंग्लंडमधल्या फार्नबरोला काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथनं १९२० च्या सुमारास काचेवर प्रयोग करून दाखवलं होतं. त्याचं म्हणणं साधं होतं, तडा पुढे गेल्यामुळे जी ताणाची ऊर्जा मोकळी होते ती नवा पृष्ठभाग तयार करायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त असेल तर तडा धावणारच, मग मटेरियल कितीही बळकट असो.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. फक्त बॉण्ड तोडायलाच ऊर्जा लागत असती तर इपॉक्सीचा आकडा एखाद-दोन जूलच्या घरात यायला हवा होता, पण येतो १०० च्या वर. म्हणजे हे तथाकथित ठिसूळ मटेरियल तुटतानाही तड्याच्या टोकाशी थोडंसं ताणलं जातंय, घसरतंय, ऊर्जा खातंय. आणि ह्याचा आणखी ठसठशीत पुरावा हवा असेल तर इपॉक्सीचा छोटा सिलिंडर घ्या आणि प्रेसमध्ये दाबा. तो फुटत नाही, हळूहळू मधून फुगतो आणि चांगलाच बसका होतो, तोही कायमचा. मग दाबल्यावर एवढं वाहणारं मटेरियल ओढल्यावर टक्कन का तुटतं?

कारण तड्याच्या टोकाशी जो ताण असतो तो एका दिशेचा नसतो. तड्याच्या पुढचा इवलासा भाग वरखाली ओढला जातो, तेव्हा तो बाजूनं आकसायला बघतो, पण आजूबाजूचं न ताणलेलं मटेरियल त्याला आकसू देत नाही. परिणामी तो तिन्ही दिशांनी ओढला जातो. पॉलिमरची साखळी घसरायची, म्हणजे शिअर व्हायची, तर वेगवेगळ्या दिशांच्या ताणात फरक लागतो. तिन्हीकडून जवळपास सारखीच ओढ असेल तर घसरायला दिशाच उरत नाही, ताण वाढत जातो आणि शेवटी मटेरियल फाटतं. म्हणजे वाहून जायची क्षमता इपॉक्सीच्या अंगात आहे, तड्याच्या टोकाशी ती वापरायची सोय नाही. ही कोंडी फोडायची, हाच सगळा खेळ आहे.

१९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एमआयटीमध्ये फ्रेडरिक मॅकगॅरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इपॉक्सीत द्रवरूप रबर घालून बघायला सुरुवात केली. बी. एफ. गुडरिच कंपनीचं एक द्रव रबर होतं, ब्युटाडाइन आणि ॲक्रिलोनायट्राइलची छोटी साखळी आणि तिच्या दोन्ही टोकांना कार्बोक्झिल गट, ज्याला ह्या धंद्यात सगळे सीटीबीएन म्हणतात. ह्या रबराची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. नुसतं पॉलिब्युटाडाइन इपॉक्सीत विरघळत नाही, मोठमोठे थेंब होऊन बसतं. त्यात ॲक्रिलोनायट्राइल घातलं की ते ध्रुवीय होतं आणि इपॉक्सीशी जमवून घेतं. १८ टक्के किंवा २६ टक्के ॲक्रिलोनायट्राइलचे ग्रेड जास्त चालतात. फार कमी घातलं तर सुरुवातीलाच वेगळं पडतं, आणि फार जास्त घातलं तर इतकं छान विरघळतं की शेवटपर्यंत बाहेरच येत नाही, मग मिळतं ते नुसतं मऊ पडलेलं इपॉक्सी, टीजी खाली आलेलं आणि चिवटपणात फारशी भर नाही. टीजी म्हणजे ज्या तापमानाला कडक पॉलिमर मऊ व्हायला लागतं ते.

तर आपल्याला हवं काय, तर रबर सुरुवातीला पूर्ण विरघळलेलं असलं पाहिजे आणि नंतर, नेमक्या वेळी, बारीक गोळ्यांच्या रूपात बाहेर पडलं पाहिजे. ह्यालाच फेज सेपरेशन म्हणतात, आणि ते क्युअरिंगच्या रिॲक्शनमुळेच घडून येतं, वेगळं काही करावं लागत नाही.

का घडतं ते असं बघा. एका डब्यात लाल आणि पांढरे सुटे मणी टाकून हलवले तर ते मिसळतात, कारण मिसळून राहायचे प्रकार असंख्य असतात आणि वेगळे राहायचे मोजके. आता लाल मणी दोऱ्यात ओवून माळा केल्या आणि पांढऱ्यांच्याही केल्या तर तेवढं मिसळणं होत नाही, कारण माळेतल्या मण्याला कुठंही जायची मोकळीक उरत नाही. रेणूंचंही तसंच. मिसळण्यामागं जो एन्ट्रॉपीचा जोर असतो तो रेणू लांब होत गेले की कमी कमी होतो, हा हिशोब पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स ह्यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगवेगळा मांडला होता. सीटीबीएन आधीपासूनच साखळी आहे, पण इपॉक्सी सुरुवातीला छोट्या रेणूंचं असतं म्हणून तेवढ्यावर निभावतं. हार्डनर पडलं की इपॉक्सीचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन वाढायला लागतात, मिसळण्याचा जोर घटत जातो आणि एका क्षणी दोघांचं एकत्र राहणं अशक्य होतं.

हा क्षण डोळ्यांना दिसतो. काचेच्या बाटलीत इपॉक्सी, सीटीबीएन आणि हार्डनर घालून ऑइल बाथमध्ये ठेवली की सुरुवातीला मिश्रण पारदर्शक, पिवळसर असतं, बाटलीच्या मागं धरलेल्या कागदावरची अक्षरं आरपार वाचता येतात. बराच वेळ काहीच होत नाही. मग काही मिनिटांतच मिश्रण गढूळ होतं, अक्षरं पुसट होतात आणि नंतर सगळं दुधट दिसायला लागतं. ह्याला क्लाउड पॉइंट म्हणतात. आत रबराचे गोळे तयार झालेत आणि त्यांचा अपवर्तनांक इपॉक्सीपेक्षा वेगळा असल्यामुळे प्रकाश विखुरतोय, म्हणून ते दुधट. पूर्ण क्युअर झाल्यावरही ते तसंच अपारदर्शक राहतं. (म्हणून प्रत्येक अपारदर्शक इपॉक्सीत रबर असतंच असं मात्र समजू नका, बऱ्याचदा नुसती फिलर पावडर असते.)

क्लाउड पॉइंटनंतर एक शर्यत लागते. गोळे वाढत असतात, एकमेकांत मिसळून मोठे होत असतात, आणि त्याच वेळी इपॉक्सी घट्ट होत असतं. चार जोडांचं अमाइन आणि दोन टोकांचं इपॉक्सी बरोबर प्रमाणात घेतलं तर थिअरीनं साधारण ५८ टक्के रिॲक्शन झाल्यावर जाळं भांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचतं, म्हणजे जेल होतं. जेल झालं की गोळ्यांची हालचाल जवळपास संपते, जे असेल ते तिथंच अडकतं. म्हणून क्लाउड पॉइंट जेलच्या आधी यायलाच हवा, आणि दोन्हींच्या मध्ये किती वेळ मिळतो आणि तेव्हा माल किती पातळ असतो ह्यावर गोळ्यांचा आकार ठरतो. सीटीबीएनचे गोळे बहुधा अर्धा ते पाच मायक्रॉनचे मिळतात, माणसाचा केस ७०-८० मायक्रॉन धरला तर केसाच्या रुंदीत असे कितीतरी बसतील.

आणि इथं तापमानाची गंमत येते. क्युअरिंगचं तापमान वाढवलं तर माल पातळ होतो, गोळे सहज हलतात आणि मोठे व्हायला बघतात, पण रिॲक्शनही वेगात होते त्यामुळे त्यांना वेळ कमी मिळतो, शिवाय तापमानानुसार दोघांची विद्राव्यताही बदलते. त्यामुळे वाढवलं की मोठे, कमी केलं की छोटे असा सरळ नियम नाही, प्रत्येक सिस्टीमसाठी शोधावंच लागतं. सांगायचा मुद्दा हा की तेच रेझिन, तेच हार्डनर, तेच रबर, तेवढंच वजन, आणि ओव्हनचं सेटिंग वेगळं, तर हातात येणारं मटेरियल वेगळं. स्वयंपाकघरापासून फाउंड्रीपर्यंत सगळीकडे हे माहीत असतं, पण गोंदाच्या बाबतीत लोक हे विसरतात, वाळलं म्हणजे झालं असं समजतात.

सीटीबीएनच्या टोकांना कार्बोक्झिल गट कशाला ते पण इथंच सांगतो. ते गट इपॉक्सीच्या त्रिकोणाशी जोडले जातात. त्यामुळे बहुतेक कारखान्यात रबर आणि जास्तीचं इपॉक्सी आधी गरम करून त्यांचा ॲडक्ट, म्हणजे एकमेकांना जोडलेला माल, बनवून ठेवतात, मग तो मुख्य मिश्रणात घालतात. रबराच्या साखळीच्या दोन्ही टोकांना इपॉक्सी चिकटलेलं असल्यामुळे गोळा तयार झाल्यावर त्याचा पृष्ठभाग आजूबाजूच्या जाळ्याशी केमिकल बॉण्डनं बांधलेला राहतो. हे नसेल तर गोळा नुसता भोकात बसलेला राहतो आणि ओढल्यावर लगेच सुटतो.

आता मुख्य प्रश्न, हे गोळे करतात काय. सुरुवातीला लोकांना वाटलं की तडा गोळ्याशी आला की रबर ताणलं जातं, दोन्ही काठांना धरून ठेवतं आणि तुटताना ऊर्जा खातं. असं होतं खरं, पण हिशोब करून बघितला तर त्यातून जेमतेम थोडीशी वाढ निघते, प्रत्यक्षात मात्र साध्या इपॉक्सीत दहा-पंधरा टक्के सीटीबीएन घातलं तर तडा सरकवायची ऊर्जा दहापट किंवा त्याहून जास्त वाढून हजारांत जाते. एवढी ऊर्जा त्या इवल्याशा रबरात मावणारच नाही. मग १९८० च्या दशकात अँथनी किनलॉक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये आणि आल्बर्ट यी व रेमंड पीअर्सन ह्यांनी १९८६ मध्ये जे चित्र उभं केलं ते आज सगळे मानतात.

रबराला खेचून लांब करणं सोपं, पण त्याचं आकारमान वाढवणं फार अवघड, त्या बाबतीत ते जवळजवळ पाण्याइतकं हट्टी असतं. तड्याच्या टोकाशी तिन्हीकडून ओढ असते हे वर आलंच, ती ओढ रबराच्या गोळ्यावरही येते, आणि क्युअरिंगनंतर थंड होताना रबर इपॉक्सीपेक्षा जास्त आकसायला बघतं म्हणून ते आधीच थोडं ताणात असतं. शेवटी गोळ्याच्या आत पोकळी फुटते. ह्याला कॅव्हिटेशन म्हणतात. ह्या पोकळी फुटण्यात स्वतःमध्ये फारशी ऊर्जा जात नाही. पण पोकळी झाली की त्या जागची तिहेरी ओढ सैल पडते, दोन पोकळ्यांच्या मधल्या इपॉक्सीच्या भिंतीला आकसायला मोकळीक मिळते, ताणात दिशेचा फरक तयार होतो आणि ती भिंत घसरायला लागते, म्हणजे जे प्रेसमध्ये दाबल्यावर होत होतं तेच आता तड्यासमोर होतं. हजारो गोळे, त्यांच्यामध्ये हजारो भिंती, आणि प्रत्येक भिंतीत इपॉक्सी स्वतः वाहतंय. ऊर्जा तिथं जाते.

हे खरं आहे हे कशावरून? लीहाय विद्यापीठात बागेरी आणि पीअर्सन ह्यांनी १९९६ मध्ये छापलेल्या कामात रबराऐवजी आतून पोकळ असलेले सूक्ष्म गोळे घातले, म्हणजे भोकंच घातली म्हणा ना, आणि चिवटपणा रबराच्या तोडीचा वाढला. जिथं रबर नाहीच तिथं श्रेय रबराला कसं देणार.

लॅबमध्ये हे तपासायची पद्धतही बघण्यासारखी असते. इपॉक्सीची पट्टी कापून तिला मशीननं खाच पाडतात आणि मग त्या खाचेत नवं कोरं ब्लेड ठेवून हलकेच ठोकतात, म्हणजे ब्लेडच्या धारेपुढे एक खराखुरा, अतिशय टोकदार तडा तयार होतो. ब्लेड नुसतं घासून चालत नाही, टोक बोथट राहिलं तर आकडा उगाच मोठा येतो आणि फसगत होते. मग पट्टी वाकवून तोडतात. साध्या इपॉक्सीचा तुटलेला पृष्ठभाग गुळगुळीत, जवळपास आरसाच. रबरवाल्या पट्टीत मात्र ब्लेडचा तडा जिथं संपला तिथून पुढे एक पांढरा पट्टा दिसतो, नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आणि तीच ती पोकळ्या फुटलेली आणि इपॉक्सी घसरलेली जागा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तिथं गोल गोल खळगे दिसतात, मूळ गोळ्यांपेक्षा मोठे झालेले. हा तुकडा टीजीच्या वर गरम केला की पांढरेपणा बराचसा निघून जातो, कारण जाळं तुटलेलं नसतं, नुसतं घसरून अडकलेलं असतं, ऊब मिळाली की परत जागेवर यायला बघतं. मला विचाराल तर इपॉक्सीच काम करत होतं ह्याची ह्याहून स्वच्छ साक्ष दुसरी नाही.

आणि एकदा हे पटलं की ह्या युक्तीची मर्यादाही आपोआप समजते. इपॉक्सीला मुळात घसरताच येत नसेल तर रबर घालून काय होणार? किनलॉक आणि यी ह्यांच्या प्रयोगातली सिस्टीम बायसफेनॉल-ए इपॉक्सी आणि पिपरिडिन हार्डनरची होती, १२० डिग्रीला १६ तास क्युअर केलेली, तिचं जाळं विरळ असतं आणि घसरायला वाव भरपूर. पण विमानाच्या पंखासाठी जे इपॉक्सी लागतं त्याच्या रेणूला दोनऐवजी चार त्रिकोण असतात आणि हार्डनर म्हणून डीडीएस नावाचं कडक ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझीनची कडी असलेलं अमाइन असतं, १८० डिग्रीच्या आसपास क्युअर करतात. ते जाळं इतकं दाट असतं की दोन जोडांमधला साखळीचा तुकडा जेमतेम हलतो. त्यात सीटीबीएन घातलं तर चिवटपणा थोडाफार वाढतो, दुप्पट झाला तरी खूप, आणि त्याच्या बदल्यात कडकपणा आणि टीजी दोन्ही कमी होतात, जे विमानाला चालतच नाही.

म्हणून १९८० च्या दशकात लोक रबर सोडून थर्मोप्लास्टिककडे, म्हणजे जाळं नसलेल्या आणि गरम केलं की मऊ होणाऱ्या प्लास्टिककडे वळले, तेही असं की ज्याचा स्वतःचा टीजी २०० डिग्रीच्या वर आहे: पॉलिइथरसल्फोन, पॉलिइथरइमाइड वगैरे. क्लाइव्ह बकनॉल आणि इव्हाना पार्ट्रिज ह्यांनी १९८३ मध्ये पॉलिइथरसल्फोन घालून बघितलं आणि निकाल फारसा उत्साह वाढवणारा नव्हता, पुढे १९८९ मध्ये बकनॉल आणि गिल्बर्ट ह्यांनी पॉलिइथरइमाइड चार टोकांच्या इपॉक्सीत घातलं तेव्हा वाढ स्पष्ट दिसली. इथं फेज सेपरेशनला वेगळंच महत्त्व येतं. थर्मोप्लास्टिक थोडं असेल तर इपॉक्सीत त्याचे गोळे पडतात, आणि हे गोळे कडक असल्यामुळे रबरासारखे सहज फुटत नाहीत, म्हणून फायदा मर्यादित. साधारण १५ ते २० टक्क्यांच्या आसपास गेलं की चित्र बदलतं, दोन्ही फेज एकमेकांत गुंतलेल्या आणि दोन्ही अखंड, इपॉक्सीतूनही एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाता येईल आणि थर्मोप्लास्टिकमधूनही. आणखी वाढवलं की सगळं उलटं होतं, थर्मोप्लास्टिकच्या समुद्रात इपॉक्सीचे गोळे. नेमके टक्के पॉलिमरच्या साखळीच्या लांबीवर आणि क्युअरिंगवर अवलंबून असतात, पण क्रम हाच. थर्मोप्लास्टिक अखंड झालं की तड्याला त्यातून गेल्याशिवाय गत्यंतर नसतं, आणि इथं मात्र ते थर्मोप्लास्टिक स्वतःच ताणलं जातं, खेचलं जातं, फाटतं आणि ऊर्जा खातं. इपॉक्सीला जमत नाही म्हणून दुसऱ्यानं करायचं.

ही गुंतलेली रचना कशी बनते ते जपानमध्ये यामानाका आणि इनोऊ ह्यांनी १९८९ च्या सुमारास प्रकाशाचं विखुरणं मोजून दाखवलं. गोळा एका बिंदूपासून सुरू होऊन वाढतो तो एक मार्ग. दुसरा मार्ग असा की मिश्रण सगळीकडे एकदमच अस्थिर होतं आणि त्यात ठरावीक अंतरानं दाट-विरळ अशा लाटा उठतात, ह्याला स्पिनोडल डीकॉम्पोझिशन म्हणतात. त्यातून आधी गुंतलेली रचना बनते, आणि जेलनं तिला वेळेत पकडलं तर ती तशीच राहते, नाहीतर तुटून तिचे गोळे होतात. परत तीच शर्यत.

अडचणी आहेतच. २० टक्के पॉलिइथरसल्फोन विरघळवलं की रेझिन इतकं घट्ट होतं की त्यानं पंखासाठी लागणारे कार्बन फायबर भिजवणं जिकिरीचं होऊन बसतं. आणि थर्मोप्लास्टिक अखंड असेल तर काही सॉल्व्हंट त्याला मऊ करू शकतात, जाळंवाल्या इपॉक्सीला ती भीती नव्हती.

कार्बन फायबरच्या कॉम्पोझिटमध्ये, म्हणजे फायबर रेझिनमध्ये बसवून केलेल्या मटेरियलमध्ये, तर आणखी एक पेच येतो. फायबरची जाडी ५ ते ७ मायक्रॉन, आणि दोन फायबरमधली फट त्याहून लहान. तड्यासमोर इपॉक्सीला वाहायला जेवढी जागा लागते तेवढी तिथं नसतेच. डोनाल्ड हन्स्टननं १९८४ मध्ये बऱ्याच रेझिनचे आकडे एकत्र मांडून दाखवलं की ठिसूळ रेझिनमध्ये केलेली सुधारणा कॉम्पोझिटमध्ये पुरेपूर उतरते, पण रेझिन चिवट झाल्यावर त्यात तीन जूल वाढवले तर कॉम्पोझिटमध्ये साधारण एकच मिळतो. मग टोरे कंपनीनं वेगळा विचार केला, चिवटपणा सगळीकडे कशाला, थरांच्या मध्ये द्या. कार्बन फायबरचे थर एकावर एक रचतात, आणि हँगरमध्ये पान्हा पडला किंवा धावपट्टीवरचा खडा उडून बसला की वरून काही दिसत नाही पण आत हे थर एकमेकांपासून सुटतात, आणि नंतर दाब आला की सुटलेला भाग बाहेर फुगतो. म्हणून थर्मोप्लास्टिकचे बारीक कण रेझिनमध्ये असे घालायचे की ते फायबरच्या फटीत शिरू शकणार नाहीत आणि आपोआप दोन थरांच्या मध्येच अडकून राहतील. ३९००-२ ह्या नावाचं हे रेझिन बोइंग ७७७ च्या शेपटीत वापरलं गेलं आणि पुढं त्याच घराण्याचं मटेरियल ७८७ मध्ये आलं, ज्याच्या स्ट्रक्चरचं जवळपास निम्मं वजन कॉम्पोझिटचं आहे. इथं कणाचा आकार आधीच ठरलेला असतो, फेज सेपरेशनच्या शर्यतीवर सोडलेला नसतो.

हाच विचार रबरातही झाला. कोअर-शेल रबर म्हणजे आत रबर आणि बाहेर इपॉक्सीशी जमणाऱ्या ॲक्रिलिकचं कवच, आकार बहुतेक १०० नॅनोमीटरच्या आसपास, कारखान्यातच बनवून रेझिनमध्ये पसरवून मिळतं, जपानची कानेका कंपनी ह्यात प्रसिद्ध आहे. ओव्हन थोडा इकडेतिकडे झाला तरी गोळे तेवढेच राहतात आणि रबर विरघळून न राहिल्यामुळे टीजीला धक्का लागत नाही. दुसरा रस्ता ब्लॉक कोपॉलिमरचा, साखळीचा एक तुकडा इपॉक्सीत विरघळणारा आणि दुसरा न विरघळणारा, त्यामुळे क्युअरिंग सुरू व्हायच्या आधीच त्यांची दहा-वीस नॅनोमीटरची रचना तयार होते. मिनेसोटा विद्यापीठात हिलमायर, बेट्स वगैरे मंडळींनी १९९७-९८ मध्ये हे दाखवलं. इतके बारीक गोळे प्रकाश फारसा विखुरत नाहीत, म्हणून माल पारदर्शक राहूनही चिवट होतो. मात्र आतून पोकळी फुटायची आणि इपॉक्सीनं घसरायचं हे तत्त्व दोन्हीकडे तेच, आणि दाट जाळ्यापुढं हात टेकायचे हेही तेच.

सीटीबीएन ह्या सगळ्यामुळे मागं पडलं असं मात्र नाही. मोटारीच्या बॉडीचे पत्रे जोडायला स्पॉट वेल्डिंगबरोबर जे क्रॅश-प्रूफ गोंद वापरतात त्यात द्रव रबराचे ॲडक्ट अजून भरपूर असतात, आणि ते गोंद पेंट ओव्हनमध्येच क्युअर होतात, म्हणजे रबर बाहेर पडायचं काम रंग भाजताना उरकतं.

शेवटी जे वर्कशॉपमध्ये किंवा घरी टफन्ड इपॉक्सी विकत घेतात त्यांच्यासाठी दोन गोष्टी. डेटाशीटमध्ये लॅप शिअरचा आकडा सगळे देतात, पण तो जोड सरळ ओढल्यावरचा असतो आणि ठिसूळ गोंदही त्यात चांगले मार्क मिळवतो. चिवटपणा दिसतो तो पील स्ट्रेंग्थमध्ये, म्हणजे पत्रा कडेनं सोलून काढताना, तेव्हा तो आकडा दिलेला नसेल तर विक्रेत्याकडे मागा. आणि क्युअरिंगचं जे वेळापत्रक छापलेलं असतं, अमुक डिग्रीला अमुक तास, ते रूम टेम्परेचरलाही कडक होतंय म्हणून गुंडाळून ठेवू नका, विशेषतः द्रव रबराचा ग्रेड असेल तर, कारण कडक तो तसाही होईल, पण रबराचे गोळे किती आणि केवढे पडणार हे त्या वेळापत्रकावरच ठरतं आणि एकदा जेल झाल्यावर ते बदलता येत नाही.